तुमच्या बाजूचा आकडा

वहिनी, हडपसरहून आज पुन्हा फोन आला. आर्किटेक्ट भला माणूस आहे, तुमचा तेरावा होईपर्यंत त्यानं चकार शब्द काढला नाही. आज मात्र घसा खाकरून म्हणाला, "मॅडम, विचारायला वाईट वाटतं, पण लॉबीचं ड्रॉइंग कधीपर्यंत मिळेल?" मी म्हटलं, बघते. फोन ठेवला आणि सवयीनं आतल्या खोलीच्या दिशेनं ओरडले, "वहिनी, लॉबीचं विचारतोय!" मग तशीच खुर्चीत बसून रडले. चांगली मोठ्यानं रडले. तुम्ही असता तर म्हणाला असता, "आधी दार लाव, सोसायटीतल्यांना वाटेल पिलर कोसळला."

भेटायला येणारी माणसं म्हणतात, मोठी जाऊ म्हणजे आईच की. मी मान हलवते, वाद घालायचं त्राण नाही. पण आई कशी? माझी आई मांजरी गावात आहे, धडधाकट आहे, आणि तिनं मला जन्मात कधी "हा आकडा कुठून काढलास, झाडावरून?" असं विचारलेलं नाही. तुम्ही माझ्या कोण होतात ते सांगायला माझ्याकडे नातं नाही. नवरा तुम्हाला वहिनी म्हणायचा म्हणून मीही वहिनी म्हणायला लागले, आणि तेच राहून गेलं.

मला बघायला तुम्ही सगळे मांजरीला आला होतात. सासूबाईंनी विचारलं, पुरणपोळी येते का. दादांनी, म्हणजे तुमच्या यजमानांनी, विचारलं, वाचनाची आवड आहे का. नवरा मुलगा काहीच बोलला नाही, तो अजूनही फारसं बोलत नाही. आणि तुम्ही, माझ्यासारख्याच सिव्हिल इंजिनिअर, पोह्यांची बशी खाली ठेवून विचारलंत, "बाल्कनीच्या स्लॅबला मुख्य सळई वर टाकशील की खाली?" माझे चुलते बाबांच्या कानाशी लागले, "ह्यो काय नवीन हुंड्याचा परकार हाय का?" मी म्हटलं, "वर. खाली टाकली तर बाल्कनी शेजाऱ्याच्या अंगणात." तुम्ही सासूबाईंकडे वळून म्हणालात, "आई, ही चालेल." मला नेमकं कोणी पसंत केलं याचा निकाल आमच्या घरात आजतागायत लागलेला नाही.

कर्वेनगरातल्या आपल्या सोसायटीत तळमजल्यावर इमारतींच्या सांगाड्याचे हिशेब करायचं दोन खोल्यांचं ऑफिस थाटलंत तेव्हा अख्ख्या नातेवाइकांत एकमत होतं की दोन जावा एका ऑफिसात म्हणजे वर्षभरात पाटी उतरणार. तुमच्या कानावर आलं तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "भांडायला वेळ कुठं आहे, कामं पडलीत." तशी आपण भांडलोच की. पण साड्यांवरून, सणांवरून, कोणाच्या माहेरी काय दिलं यावरून एकदाही नाही. आपण भांडलो ते सळईच्या जाडीवरून. त्या भांडणांची मला आता भूक लागते.

आपल्या कामाची पद्धत कोणाला सांगितली तर हसतात. एकच काम दोघींनी वेगवेगळं करायचं. तुम्ही आतल्या खोलीत, मी बाहेरच्या. एकमेकींचे कागद बघायचे नाहीत. दुपारचा चहा झाला की आपापला आकडा तोंडानं सांगायचा. जुळला तर ड्रॉइंगवर दोघींच्या सह्या. नाही जुळला तर दुसरीची चूक शोधायला जायचं नाही, जिनं तिनं आपल्या खोलीत परत जाऊन स्वतःची शोधायची. सुरुवातीला मला हा निव्वळ खडूसपणा वाटायचा. एकदा मी भडकले, "तुम्हाला कळलंय माझं कुठं चुकलंय. मग एक वाक्य सांगायला काय जातं तुमचं?" तुम्ही चहाचा घोट घेतलात. "मी सांगितली तर ती विसरशील. तू शोधलीस तर जन्मभर लक्षात राहील." मी पाय आपटत बाहेर गेले, संध्याकाळपर्यंत शोधत बसले. सापडली. अजून लक्षात आहे, आणि पुन्हा कधी केली नाही.

मग ते दिवस आले. हडपसरला कालपर्यंत ऊस उभा होता तिथं काचेच्या इमारती उभ्या राहायला लागल्या. परदेशातलं काम इथं बसून करणाऱ्या पोरापोरींना मोठमोठे हॉल हवेत, आणि हॉलच्या डोक्यावर बीम नकोत. बीम आला की एसीचे डक्ट अडतात, मजल्याची उंची वाढते. सपाट स्लॅब, थेट कॉलमवर ठेवलेला. तुमचं सगळं आयुष्य बीमच्या सावलीत गेलेलं. पहिलं ड्रॉइंग बघून तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात आणि म्हणालात, "हे उभं कशावर राहणार, आशेवर?"

त्या जागेचे मूळ मालक रोज साइटवर खुर्ची टाकून बसायचे. जमीन देऊन झाली होती तरी पाय निघत नव्हता. ते तुम्हाला म्हणाले, "बाई, बीमच न्हाई म्हंता, मंग ह्ये समदं कशावं हाय?" तुम्ही म्हणालात, "माझंही तेच म्हणणं आहे. पण आपलं दोघांचं कोण ऐकतंय?" म्हातारबुवा इतके खूश झाले की जाताना रसाची बरणी दिली. आणि घरी येऊन तुम्ही, पन्नाशी उलटलेल्या, पहिल्या वर्षाच्या मुलीसारख्या पुस्तकं उघडून बसलात. ते बसणं मला आठवतं. लोकांना तुमचं तिरकं बोलणं आठवतं, मला ते बसणं.

बीम जायला लागला तर आधी सांगतो. वाकतो, तडे दाखवतो, माणसांना बाहेर पडायला वेळ देतो. सपाट स्लॅबचं तसं नाही. सगळा भार कॉलमच्या डोक्याभोवती एकवटतो, आणि झेपेनासा झाला की स्लॅब तिथंच फाटून खाली बसतो, कॉलम त्यातून आरपार वर येतो. याला पंचिंग म्हणतात. तुम्ही हे मला ऑफिसात नाही, स्वयंपाकघरात शिकवलंत. मी कणीक मळत होते. तुम्ही एक गोळा जाडसर थापलात, एका उभ्या बोटावर ठेवून दाबलात. बोटाभोवती गोल भोक पडलं. मग दोन बोटं लांब लांब धरलीत, दोन भोकं पडली. मग बोटं जवळ आणलीत, तर दोन्ही बोटांना मिळून एकच लांबट भोक. "बघ, मधला भाग फाटलाच नाही. म्हणजे त्यानं काही पेललंच नव्हतं. भोकाचा परिघ जेवढा मोठा तेवढी स्लॅबची ताकद. पण कॉलम असे जवळजवळ असले की प्रत्येकाचा वेगळा परिघ धरायचा नाही. दोघांना मिळून एकच, बाहेरून. आतल्या बाजू मोजल्यास तर आपण नाही ती ताकद धरून चाललो." सासूबाई दारातून म्हणाल्या, "त्या कणकेच्या आज पोळ्या होणार आहेत का?"

आणि मग ही लॉबी. त्याच आवारातली तिसरी इमारत. दारातून आत आल्यावर एक जाडजूड कॉलम बोजड दिसतो, म्हणून आर्किटेक्टनं दोन सडपातळ कॉलम शेजारी शेजारी उभे केले. त्याला वाटत होतं, दोन आहेत म्हणजे दुप्पट पेलतील. तुम्ही त्याला म्हणालात, "आमच्या घरी बघा. दोन सुना एका ओट्याशी उभ्या राहिल्या म्हणून स्वयंपाक दुप्पट होत नाही. धक्के मात्र लागतात." तो बिचारा हसावं की नाही या विचारात माझ्याकडे बघत राहिला. तेव्हा तुमचं पोट दुखायला लागलं होतं. तुम्ही म्हणत होतात, ॲसिडिटी.

ॲसिडिटी नव्हती. आजाराचं नाव घरात कोणी घेत नव्हतं, 'ते' म्हणायचो. डॉक्टरांनी दादांना आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की आता फार दिवस धरू नका. दादा जिन्यातच बसले. तुम्हाला सांगायचं नाही असं त्यांनी ठरवलं. मी ते पटून मान्य केलं असं नाही, पण बायकोबद्दल ठरवायचा हक्क त्यांचा होता, आणि त्यांचा चेहरा बघून माझ्यानं बोलवलं नाही. घरी आलो तर तुम्ही पलंगावर पाट घेऊन बसलेल्या. "लॉबी मी करणार आहे. तूही कर. रोजच्यासारखं."

दुपारच्या चहाला मी वर आले. तुम्ही दोन घोटांच्या वर चहा घेत नव्हता, पण कप हातात धरून ठेवला होतात. मी माझा आकडा सांगितला. माझ्या हिशेबात स्लॅबला भार झेपत नव्हता, कॉलमच्या डोक्याशी जाडी वाढवायला हवी होती. तुम्ही तुमचा सांगितलात. तुमच्या हिशेबात आरामात झेपत होता.

वहिनी, तुमचा आकडा ऐकला आणि चूक मला तिथंच कळली. कागद बघायची गरजच नव्हती. दोन्ही कॉलमचे परिघ वेगवेगळे, पूर्ण धरले की नेमका तोच आकडा येतो. तुम्ही आतल्या बाजू मोजल्या होत्या. तुम्ही! मी खाली जाऊन माझंच तीनतीनदा तपासलं, देवाची शपथ, माझं चुकावं म्हणून. नाही चुकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा तेच. औषधांनी तुमचे डोळे जड झालेले असायचे, तरी मी दारात आले की विचारायचात, "तुझं काय?" मी सांगायचे. "अजून तेच? मग माझंच बघायला हवं." आणि पेन्सिल घेऊन पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू.

साइटला मी थापा मारल्या. प्रिंटर बिघडला, वीज गेली, ताप आला. कारण तुम्हाला तुमची चूक सापडेल याची मला खात्री होती, आणि ती तुमची तुम्हालाच सापडायला हवी होती. फक्त वेळ हवा होता. वेळच नव्हता, आणि ते आपल्या तिघांतल्या दोघांनाच माहीत होतं.

एका दुपारी तुम्ही पेन्सिल धरली आणि ती हातातून निसटून चादरीवर पडली. तुम्ही ती उचलायला गेलात, सापडेना, चादर चाचपत राहिलात. ते मला बघवेना. मी बोलून गेले, "वहिनी, आतल्या बाजू धरल्यात तुम्ही."

तुमचा हात थांबला. तुम्ही चष्मा काढलात.

"कोणी विचारलं होतं?"

"कोणी नाही."

"मग? मी शोधत होते ना?"

"हो, पण वेळ लागत होता."

"घाई कोणाला आहे? साइटला?"

मी चादरीतून पेन्सिल शोधून तुमच्या हाताशी ठेवली. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात, आणि हळूहळू तुमच्या चेहऱ्यावर ते उमटलं. "अच्छा," तुम्ही म्हणालात. "एवढं जवळ आलंय होय." मग भिंतीकडे तोंड करून निजलात.

इतकी वर्षं तुम्ही मला एकही चूक सांगितली नव्हतीत. मी तुम्हाला एक सांगितली आणि त्याबरोबर सगळंच कळवून बसले. दादा मला त्याबद्दल एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

नंतर काही दिवस तुम्ही माझ्याशी दूध, औषध आणि पंखा यांपलीकडे बोलला नाहीत. मी उशी सारखी करायचे, तुम्ही "राहू दे" म्हणायचात. मला राग यायचा, अजूनही येतो. मरणाऱ्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण तुम्ही मला कधी खोटं गोड बोलायला शिकवलं नाहीत. मला ओरडून विचारायचं होतं, काय करायला हवं होतं मी? तुम्हाला तसंच चाचपडत राहू द्यायचं होतं? की माझ्या आकड्याला तुमचा आकडा जुळला असं खोटं सांगून टाळ्या वाजवायच्या होत्या? यातलं काहीही केलं असतं तर तुम्हीच मला दाराबाहेर काढलं असतंत. हा वाद मी मनात तुमच्याशी रोज घालते. रोज मीच जिंकते आणि रोज मला रडू येतं.

मग एका सकाळी तुम्ही हाक मारलीत. नेहमीची, ऑफिसातली हाक. "ए, कागद आण. कोरा. मी सांगते, तू लिही. आणि मध्ये बोललीस तर बघ."

मी कागद आणला. तुम्ही डोळे मिटून सांगायला लागलात. सगळं पहिल्यापासून. स्लॅबची जाडी, कॉलमची मापं, मधलं अंतर. मी सांगितलेलं तुम्ही ऐकलंच नव्हतं असं समजून तुम्ही नव्यानं निघाला होतात. "दोन कॉलम एवढे जवळ आहेत तर परिघ एकमेकांत शिरणार. शिरणार का? मांड. मांडून बघ. शिरतात. म्हणजे वेगळे धरता येत नाहीत." तुम्ही ते माझ्याकडून ऐकलेलं म्हणून घेतलं नाहीत, तुमच्या वाटेनं चालत जाऊन तिथं पोचलात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तुमचा हिशेब आतून बघत होते. किती संथ जाता तुम्ही, वहिनी. प्रत्येक ओळीनंतर थांबून स्वतःलाच विचारता, "कशावरून?" मला वाटायचं तुम्ही हुशार आहात म्हणून चुकत नाही. तुम्ही स्वतःवर विश्वास ठेवत नव्हतात म्हणून चुकत नव्हतात. हे मला तुम्हाला सांगायचं होतं, पण मध्ये बोलायला बंदी होती.

एका बैठकीत चार ओळी व्हायच्या, कधी दोन. दम लागायचा. मी पाणी द्यायचे, ओठ ओले करून तुम्ही म्हणायचात, "कुठं होतो आपण?" मी शेवटची ओळ वाचायचे. दादा दारात उभे राहून ऐकायचे. त्यांना त्यातलं काडीचं कळत नव्हतं, तरी ते तिथून हलायचे नाहीत.

शेवटच्या दिवशी तुम्ही परिघावर पोचलात. बाहेरून, दोघांना मिळून, आतल्या बाजू वगळून. आकडा सांगितलात आणि विचारलंत, "बरोबर दिसतंय?" तुम्ही मला असं कधी विचारलं नव्हतंत. मी म्हटलं, "मध्ये बोलायचं नाही ना?" तुम्ही हसलात. खरंच हसलात, दादांनीही बघितलं. मग म्हणालात, "वर भार लिही. खाली परिघ गुणिले जाडी. रेघ मार. झालं. आता नुसता भागाकार." मी विचारलं, "करू या?" तुम्ही डोळे मिटूनच मान हलवलीत. "उद्या. उद्या डोकं ताजं असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी मला हाक मारली ती वेगळीच होती.

वहिनी, तो कागद माझ्यासमोर आहे. वर भार, मध्ये रेघ, खाली परिघ आणि जाडी. भागाकार सातवीतल्या मुलीलाही येईल. उत्तर काय येणार हेही मला माहीत आहे, पण ते माझं उत्तर आहे, आणि त्यावर माझी एकटीची सही होते. तुमच्या बाजूचा आकडा आल्याशिवाय ड्रॉइंग कधी ऑफिसातून बाहेर गेलेलं नाही. सकाळपासून मी पेन्सिल उचलते आणि ठेवते. हा भागाकार झाला की तुमचं काम संपलं. मग तुमचं असं काहीच उरत नाही ज्यासाठी तुम्हाला उद्या यायला हवं.

आणि नाही केला, तर तिकडे माणसं सळई कापून तुमची वाट बघत बसली आहेत. ते तुम्हाला मुळीच चाललं नसतं, हे मला ठाऊक आहे. उद्या त्या लॉबीतून शेकडो पोरंपोरी डबे घेऊन आत-बाहेर करतील. डोक्यावर काय आहे हे त्यांच्या मनातही येणार नाही. तुम्हाला हेच हवं असायचं.

तर मी करतेय आता. रेघेखालचा गुणाकार आधी, मग भागाकार. सावकाश करते, तुमच्यासारखा. माझ्या हातून चुकलं तर ओरडा, वहिनी. खरंच ओरडा.